गळ, होडी आणि शेअर बाजार

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत रात्री प्लगला लागणारे ‘ऑल आउट’ २००५ पासून एस. सी. जॉन्सन या अमेरिकन कंपनीच्या मालकीचे आहे. विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठावरच्या रसीन या शहरात १८८६ साली लाकडी फरशी विकण्यापासून जॉन्सन कुटुंबाच्या धंद्याची सुरुवात झाली. फरशीमागोमाग फरशीचे मेण आले, मग कीटकनाशके आणि घर स्वच्छ ठेवणारी शेकडो उत्पादने. एवढ्या मोठ्या कंपनीचा एकही शेअर बाजारात मिळत नाही, कारण ती आजही संपूर्ण खासगी आहे. या घराण्याच्या व्यवसायात भागीदार व्हायचे असेल तर सर्वसामान्य गुंतवणूकदाराला एक दुसरे, बरेच लहान दार उघडे आहे. त्या कंपनीचे नाव जॉन्सन आउटडोअर्स. होड्या, मासेमारीची साधने, पाण्याखाली पोहण्याची उपकरणे आणि गिर्यारोहकांच्या चुली ती बनवते.

या छोट्या कंपनीच्या शेअरने जवळपास चार दशकांत भागधारकांना जे दिले आणि जे परत घेतले, तो इतिहास मुळातून पाहण्यासारखा आहे. ‘चांगली कंपनी घ्या आणि विसरून जा’ हा सल्ला आपल्याकडे घरोघरी दिला जातो. तो कुठे खरा ठरतो आणि कुठे अपुरा पडतो, हे या एका उदाहरणात स्वच्छ दिसते.

निसर्गाकडे वळलेला कारखानदार

घराण्याच्या चौथ्या पिढीतले सॅम्युएल जॉन्सन हे या कंपनीचे जनक. १९२८ साली जन्मलेल्या सॅम जॉन्सन यांच्याच काळात मूळ कंपनी मेणापलीकडे गेली आणि जगभर पसरली. रानावनाची आणि पाण्याची ओढ त्यांना होतीच. फवाऱ्याच्या डब्यांतला सीएफसी वायू ओझोनच्या थराला मारक आहे, असे शास्त्रज्ञ सांगू लागले तेव्हा त्यांनी १९७५ मध्ये स्वतःहून तो वायू आपल्या उत्पादनांतून काढून टाकला. अमेरिकन सरकारची बंदी त्यानंतर तीन वर्षांनी आली.

१९७० च्या सुमारास अमेरिकेत हवाही तशीच होती. महायुद्धानंतर मध्यमवर्गाच्या हाती पैसा आणि सुटी दोन्ही आले होते. नव्या महामार्गांनी जंगले आणि सरोवरे शहरांच्या टप्प्यात आणली होती. १९७० च्याच एप्रिलमध्ये पहिला वसुंधरा दिन पाळला गेला आणि तो सुरू करणारे गेलॉर्ड नेल्सन हे विस्कॉन्सिनचेच सिनेटर होते. माणसे मोठ्या संख्येने घराबाहेर पडणार, त्यांना चांगली साधने लागणार, हे सॅम जॉन्सन यांनी हेरले आणि मूळ कंपनीच्या पैशातून एकेक जुनी, नावाजलेली कंपनी विकत घ्यायला सुरुवात केली.

प्रत्येक कंपनीला स्वतःचा इतिहास होता. मिन कोटा ही विजेवर चालणाऱ्या लहान मोटरींची कंपनी १९३४ मध्ये नॉर्थ डकोटातल्या फार्गोत सुरू झालेली. आवाज न करता होडी हळू पुढे नेणारी ही मोटर मासे बिथरू देत नसे, म्हणून गळ टाकणाऱ्यांना ती प्रिय होती. ओल्ड टाउन ही मेन राज्यात पेनॉब्स्कॉट नदीकाठी १८९८ पासून कनू होड्या बांधणारी कंपनी. युरेका कंपनीचे तंबू १९६३ च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेत वापरले गेले होते. स्कूबाप्रोची उपकरणे जगभरचे पाणबुडे वापरत. १९८० च्या दशकापर्यंत अशा कंपन्यांचे मोठे कुटुंब रसीनमध्ये जमले.

१९८७ मध्ये हा सगळा गोतावळा मूळ कंपनीपासून वेगळा काढून ‘जॉन्सन वर्ल्डवाइड असोसिएट्स’ या नावाने नॅसडॅक बाजारात आणला गेला. आणताना रचना मात्र विचारपूर्वक केली होती. ‘अ’ वर्गाचे शेअर लोकांसाठी. ‘ब’ वर्गाचे शेअर बहुतांशी कुटुंबाकडे आणि त्यांच्या एका शेअरला दहा मते. ‘अ’ वर्गाच्या भागधारकांनी संचालक मंडळातले एक चतुर्थांश सभासद निवडायचे, बाकीचे ‘ब’ वर्गाने. पैसा लोकांचाही, पण सुकाणू कुटुंबाच्या हाती. पुढची प्रत्येक घटना समजून घ्यायला ही रचना लक्षात ठेवावी लागते.

हरवलेले दशक

१९९० च्या दशकात अमेरिकन शेअर बाजाराने इतिहासातली एक मोठी तेजी पाहिली. १९८७ च्या अखेरीस २५० च्या खाली असलेला एस अँड पी ५०० निर्देशांक १९९९ संपताना जवळपास १,४७० वर होता, म्हणजे बारा वर्षांत सुमारे सहापट. जॉन्सन वर्ल्डवाइडच्या भागधारकांच्या वाट्याला त्यातले काहीच आले नाही. दशकाच्या मध्यावर २० डॉलरच्या पुढेमागे असलेला शेअर २००० साली १० डॉलरच्याही खाली उतरला.

कारणे कंपनीच्या घडणीतच होती. ब्रँड पुष्कळ होते, पण त्यांना जोडणारा धागा नव्हता. मिचेल या प्रसिद्ध फ्रेंच रीळ कंपनीसह गळ, दोऱ्या आणि रीळ यांचा मोठा व्यवसाय घेतला होता, पण त्या मालात आशियातल्या स्वस्त उत्पादनाशी जीवघेणी चढाओढ होती. शिवाय हा सगळा धंदा ऋतूवर अवलंबून. दुकानदार वसंत ऋतूसाठी हिवाळ्यातच माल मागवतात आणि कारखान्याला त्याच्याही आधी उत्पादन ठरवावे लागते. पावसाच्या भरवशावर पेरणी करणाऱ्या शेतकऱ्यासारखीच ही स्थिती. पावसाळी उन्हाळा किंवा लांबलेली थंडी आली की तयार माल गोदामात पडून राहतो आणि व्याज चढत जाते.

१९९९ मध्ये सॅम यांची कन्या हेलन जॉन्सन-लायपोल्ड यांनी अध्यक्ष आणि मुख्याधिकारी म्हणून सूत्रे घेतली. जाहिरात व्यवसायाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्यांनी आधी छाटणी केली. २००० मध्ये गळ-रीळांचा तोट्यातला व्यवसाय विकला आणि कंपनीचे नाव बदलून जॉन्सन आउटडोअर्स केले. २००४ मध्ये अलाबामातली हमिनबर्ड ही कंपनी घेतली. पाण्यात ध्वनिलहरी सोडून तळाचे आणि माशांचे चित्र पडद्यावर दाखवणारी यंत्रे ती बनवत असे. मिन कोटाची मोटर होडीच्या नाकावर आणि हमिनबर्डचा पडदा चालवणाऱ्याच्या समोर, असे दोन ब्रँड एकाच होडीवर आले. पुढच्या सगळ्या परताव्याचे बीज या खरेदीत होते, पण त्या वर्षी ते कोणाला दिसले असेल असे वाटत नाही.

नाकारलेली बोली

दिसले नव्हते असे म्हणण्याचे कारण म्हणजे त्याच वर्षी कुटुंबाने पूर्ण कंपनीच परत विकत घ्यायचे ठरवले. एन्रॉनसारख्या घोटाळ्यांनंतर २००२ मध्ये आलेल्या कडक कायद्यामुळे बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचा हिशेब-तपासणीचा खर्च वाढला होता. लहान कंपन्यांना तो जड जात होता आणि अनेक जण बाजारातून बाहेर पडण्याचा विचार करत होते. फेब्रुवारी २००४ मध्ये कुटुंबाने प्रस्ताव ठेवला आणि ऑक्टोबरमध्ये शेअरमागे २० डॉलर १० सेंट या भावावर करार झाला. मधल्या काळात, मे महिन्यात, सॅम जॉन्सन यांचे निधन झाले होते.

चार वर्षांपूर्वी एक आकडी भाव पाहिलेल्या भागधारकांना हा भाव गोड वाटायला हवा होता. पण बाहेरच्या काही मोठ्या भागधारकांनी उघड विरोध केला. छाटणीची किंमत आम्ही भाव पडलेला असताना मोजली, आता फळ धरायची वेळ आली तेव्हा झाड कुटुंबाने का घ्यावे, असा त्यांचा सूर होता. मार्च २००५ मध्ये भागधारकांची सभा झाली आणि कराराला आवश्यक तेवढी मते पडली नाहीत. कुटुंबाची बोली फेटाळली गेली आणि कंपनी बाजारातच राहिली.

या नकाराचे मोल काय, याचा निकाल पुढच्या वीस वर्षांत तीनदा लागला आणि तिन्ही वेळा वेगळा लागला.

पहिला निकाल: ५ डॉलर

२००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोलचे भाव भडकले, तेव्हा होडी गाडीला जोडून सरोवरावर नेणे महाग झाले. शरद ऋतूत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि कर्जपुरवठा गोठला. होडी, तंबू, पाणबुड्याचा सूट या वस्तू घर चालवायला लागत नाहीत, त्यामुळे घरखर्चाला कात्री लागली की पहिला घाव यांच्यावरच पडतो. सप्टेंबरअखेरच्या सुमारास संपणाऱ्या २००८ च्या आर्थिक वर्षात कंपनीला सुमारे ७.१ कोटी डॉलर तोटा झाला. त्यातला मोठा भाग पूर्वी घेतलेल्या कंपन्यांचे पुस्तकी मूल्य खाली आणण्यामुळे होता, पण धंद्याचे दुखणेही खरे होते. पुढच्या वर्षी विक्री ४२ कोटींवरून ३६ कोटी डॉलरच्या आत आली आणि आणखी तोटा झाला. बँकांशी कर्जाच्या अटी नव्याने ठरवाव्या लागल्या.

मार्च २००९ मध्ये शेअर ५ डॉलरच्या आसपास मिळत होता. चार वर्षांपूर्वी २० डॉलर १० सेंट नाकारणाऱ्यांकडे आता त्याच्या एक चतुर्थांश उरले होते. त्या दिवसांत हिशेब मांडला असता तर नकार ही घोडचूक होती, असेच कोणीही म्हटले असते.

होडी जागेवर थांबवणारी कल्पना

पुढच्या दशकाची कमाई शेअर बाजारातल्या बातम्यांतून आली नाही. ती एका साध्या अडचणीवर सापडलेल्या उत्तरातून आली. मासे धरणाऱ्याला होडी नेमक्या जागेवर थांबवायची असते. वारा आणि प्रवाह तिला हलवत राहतात. नांगर टाकावा तर आवाज होतो आणि जागा बदलताना पुन्हा तो ओढून काढावा लागतो. २०१० मध्ये मिन कोटाने मोटरीला उपग्रहाधारित दिशादर्शन जोडले. बटण दाबले की ती जागा यंत्राच्या लक्षात राहते आणि होडी सरकली की मोटर आपोआप तिला परत आणते. हमिनबर्डने त्याआधीच, २००५ मध्ये, होडीच्या दोन्ही बाजूंचा तळ दाखवणारे चित्रण आणले होते. पुढे मोटर आणि पडदा एकमेकांशी बोलू लागले. पडद्यावर दिसलेल्या जागेवर बोट ठेवायचे आणि होडीने तिथे जाऊन थांबायचे.

ज्या होडीवर पूर्वी एक रीळ विकले जाई, तिच्यावर आता शेकडो, कधी हजारो डॉलरची साधने बसू लागली आणि दोन-तीन वर्षांनी नवी आवृत्ती आली की लोक ती बदलू लागले. २०१३ मध्ये कंपनीने तिमाही लाभांश सुरू केला, शेअरमागे साडेसात सेंट. कर्ज फिटत गेले आणि तिजोरीत रोकड साचू लागली. २०१८ च्या आर्थिक वर्षात विक्री ५४ कोटी डॉलरच्या वर गेली, नफा ४ कोटींच्या पुढे. शेअरने त्या वर्षी ९० डॉलरची पातळी ओलांडली. सुमारे एक कोटी शेअर असलेल्या, विश्लेषकांनी फारसे लक्ष न दिलेल्या या कंपनीकडे बाजाराची नजर आता वळली होती.

या काळात कुटुंबाच्या नियंत्रणाचा फायदा दिसतो. २००९ च्या तोट्यात एखाद्या नेहमीच्या कंपनीवर संशोधन थांबवण्याचा किंवा ब्रँड विकून टाकण्याचा दबाव आला असता. इथे सुकाणू ज्यांच्या हाती होते त्यांना पुढच्या तिमाहीपेक्षा पुढची पिढी महत्त्वाची होती. होडी जागेवर थांबवणारी ती मोटर याच संथ, हट्टी मालकीतून बाहेर पडली.

दुसरा निकाल: १५० डॉलर

२०२० च्या मार्चमध्ये कोविडची साथ आली तेव्हा सुरुवातीला सगळ्यांनीच वाईटाची तयारी केली. झाले उलटे. चित्रपटगृहे, उपाहारगृहे, विमाने, खेळांची मैदाने बंद, पण नदी आणि सरोवर उघडे. पाण्यावर दोन होड्यांत अंतर असते, तिथे मुखपट्टी लागत नाही. अमेरिकेतल्या हौशी मासेमारीची पाहणी करणाऱ्या संस्थेच्या अहवालानुसार २०१९ मध्ये ५.०१ कोटी लोकांनी मासेमारी केली होती. २०२० मध्ये ही संख्या ५.४७ कोटींवर गेली. त्यातच सरकारी मदतीचे धनादेश घरोघरी आले होते आणि व्याजदर शून्याजवळ होते.

पाणबुड्यांचा व्यवसाय पर्यटन थांबल्याने खाली गेला, पण मासेमारीने ती तूट कितीतरी पटींनी भरून काढली. २०२१ च्या आर्थिक वर्षात विक्री एका वर्षात ५९ कोटींवरून ७५ कोटी डॉलरवर पोचली आणि नफा ८ कोटी ३० लाखांच्या घरात गेला. एकूण विक्रीत मासेमारीचा वाटा सत्तर टक्क्यांहून अधिक झाला. त्या वर्षीच्या वसंतात शेअर १५० डॉलरच्या जवळ होता.

आता २००५ चा हिशेब पुन्हा मांडू. २० डॉलर १० सेंट नाकारून शेअर धरून ठेवणाऱ्याचा पैसा सोळा वर्षांत सुमारे साडेसात पट झाला होता, म्हणजे लाभांश न धरताही वर्षाला सुमारे १३ टक्के चक्रवाढ. २००९ च्या तळाशी ५ डॉलरला घेणाऱ्याला तर बारा वर्षांत तीसपट, वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त. घोडचूक वाटलेला नकार आता दूरदृष्टीचा नमुना ठरला.

तिसरा निकाल: २५ डॉलर

२०२१ मध्ये ज्यांनी नव्याने शेअर घेतला, त्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. यंदाची विक्री हा नवा पाया आहे आणि इथून पुढे वाढच होणार. प्रत्यक्षात दोन वर्षांत ज्यांना होडीची साधने घ्यायची होती त्यांनी ती घेऊन टाकली होती. पुढच्या चार-पाच वर्षांची मागणी आधीच उचलली गेली होती.

हे उघड व्हायला वेळ लागला, कारण इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा तुटवडा होता आणि मागण्या तुंबल्या होत्या. माल वेळेवर मिळावा म्हणून कंपनीने कच्चा माल आणि भाग भरून ठेवले. साठा एका वर्षात सुमारे १७ कोटींवरून २५ कोटी डॉलरपर्यंत गेला. दुकानदारांनीही गोदामे भरली. नेमक्या त्याच वेळी, मार्च २०२२ पासून, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने महागाईशी लढण्यासाठी व्याजदर वाढवायला सुरुवात केली. जुलै २०२३ पर्यंत ते सव्वापाच टक्क्यांच्या पुढे गेले. होड्या कर्जावर घेतल्या जातात. हप्ता वाढला, नव्या होड्या कमी विकल्या गेल्या आणि नव्या होडीवर बसणाऱ्या मोटरी व पडदेही कमी झाले.

स्पर्धाही बदलली होती. उपग्रहाधारित उपकरणांत मोठी असलेली गार्मिन ही कंपनी २०१८ मध्ये पाण्याखालचे मासे हलताना दाखवणारे चित्रण घेऊन आली आणि पुढच्या वर्षी तिने स्वतःची मोटरही आणली. हमिनबर्डचे थेट चित्रण २०२१ मध्ये आले. ज्या नवकल्पनेच्या जोरावर जॉन्सन आउटडोअर्सने दशक गाजवले, तिथेच आता तिला दुसऱ्यांचा पाठलाग करावा लागत होता.

विक्री २०२३ मध्ये ६६ कोटी आणि २०२४ मध्ये ५९ कोटी डॉलरवर आली, म्हणजे साथीआधीच्या जवळपास. पण खर्च, पगार आणि कच्च्या मालाचे भाव मात्र वर गेले ते तिथेच राहिले. २०२४ च्या आर्थिक वर्षात सुमारे २.६५ कोटी डॉलर तोटा झाला. २००९ नंतरचा हा पहिला वार्षिक तोटा. एव्हरेस्ट पाहिलेल्या युरेका तंबूंचा व्यवसाय बंद करण्यात आला. २०२५ च्या वसंतात, आयातशुल्काच्या भीतीने सगळा बाजार कोसळला तेव्हा, शेअर २५ डॉलरच्या आसपास उतरला. पुढच्या काही महिन्यांत तो सावरून ४० च्या घरात गेला, पण शिखरापासून तेही फार दूर होते.

२००५ च्या नकाराचा या तळाशी हिशेब केला तर वीस वर्षांत भाव जेमतेम सव्वापट, वर्षाला सुमारे १ टक्का. लाभांश मिळवला तरी चित्र फार बदलत नाही. त्याच वीस वर्षांत एस अँड पी ५०० निर्देशांक चौपटीहून अधिक झाला होता.

तिन्ही निकाल खरे

एकाच कंपनीचे, एकाच मालकांचे, एकाच निर्णयाचे हे तीन निकाल. ‘या शेअरचा दीर्घकालीन परतावा किती?’ या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. ५ डॉलरला घेऊन २०२५ च्या तळालाही धरून असलेल्याला सोळा वर्षांत वर्षाला १० टक्क्यांच्या वर मिळाले. १५० ला घेणाऱ्याचे चार वर्षांत सहातले पाच हिस्से गेले. रोजच्या गरजेच्या वस्तू विकणाऱ्या कंपनीत मुदत जितकी लांब तितका खरेदीच्या क्षणाचा परिणाम पुसट होत जातो. हौसेच्या वस्तू विकणाऱ्या लहान कंपनीत तो वीस वर्षांनीही पुसला जात नाही, कारण तिची मागणी लाटांनी येते आणि बाजार प्रत्येक लाटेला भरती समजून किंमत लावतो.

कुटुंबाच्या नियंत्रणाचा निवाडाही दोन्ही बाजूंनी करावा लागतो. त्याने २००९ मध्ये कंपनी तगवली आणि संशोधनाला वेळ दिला. २०२२ नंतरच्या पडझडीतही कंपनीवर कर्ज नव्हते आणि तोट्याच्या वर्षांत शेअरमागे ३३ सेंटचा तिमाही लाभांश चालू राहिला, हेही याच सावध वृत्तीचे फळ. पण भाव शिखरावर असताना कंपनी विकून भागधारकांच्या हाती पैसा देण्याची सक्ती त्यांच्यावर कोणी करू शकत नव्हते. २००५ मध्ये बाहेरच्या भागधारकांनी ‘नाही’ म्हणण्याचा हक्क वापरला. २०२१ मध्ये ‘विका’ म्हणण्याचा हक्क त्यांच्याकडे नव्हता. दोन वर्गांच्या शेअरांची ती १९८७ ची रचना परताव्याच्या प्रत्येक आकड्यात मिसळलेली आहे.

आज महाराष्ट्रातली लाखो कुटुंबे पहिल्यांदाच बचत ठेवीतून काढून शेअरांत घालत आहेत. त्यांच्यासाठी या इतिहासाचे मोल मोठे आहे. कंपनीची पारख करताना तिचे उत्पादन, तिचे मालक, तिचा ताळेबंद पाहायचा असतो, हे सगळे सांगतात. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला हवा: आज दिसणारी कमाई ही रोजची की लाटेची? २०२१ मध्ये जॉन्सन आउटडोअर्सचे उत्पादन उत्तम होते, मालक प्रामाणिक होते, कर्ज शून्य होते. तरीही १५० डॉलर ही किंमत चुकीची होती, कारण तिच्यात साथीच्या एका उन्हाळ्याची गर्दी कायमची धरली होती. धीराला फळ येते, पण धीर धरायला सुरुवात कोणत्या भावाला केली, त्यावर ते फळ केवढे हे ठरते.